पंच्याऐंशीला

ऐंशीपर्यंत काही नाही.
ब्याऐंशीला हँडल जरा विचारात पडतं
आणि पंच्याऐंशीला,
देवासकडच्या बायपासवर, दोन ट्रकांच्या मधोमध,
गाडी नाही म्हणू लागते.
मोठ्यानं नाही. पंगतीत आग्रह झाल्यावर
पोट भरलेलं मूल मान हलवतं, तसं.

घरीच बरंच करून पाहिलं होतं.
पहाटे, थंड टायरची हवा मोजली.
चेन ओढली, दोन्ही बाजूंच्या रेघा मोजून:
इकडे चार, तिकडे चार.
हँडलखालचा नट पाना लावून आवळला.
भीती वाटली की माणूस आवळतोच.
गाडी आणखी बिघडली.

छावणीत, मंडीच्या मागच्या भिंतीला लागून
रईस भियांचं गॅरेज.
त्यांनी गाडी सुरूसुद्धा केली नाही.
"कब से?"
मग, "वजन कितना?"
मी माझं सांगितलं.
ते हसले नाहीत. "सामान का, मॅडम."

टिंकूनं तिन्ही पेट्या उतरवल्या
आणि मंडीच्या काट्यावर नेल्या,
सोयाबीनच्या पोत्यांमागे नंबर लावून.
डावी अकरा किलो दोनशे.
उजवी सहा.
मागची, पार शेपटावरची, चौदा.
तोलणाऱ्यानं सवयीनं पावती फाडली.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
"फुटकळ" लिहिलं.

फुटकळ म्हणजे दोन ट्यूब, पंप,
लोखंडी पान्यांचा आख्खा संच,
आईनं दिलेली शेवेची स्टीलची बरणी,
घडीची खुर्ची, जिच्यावर मांडूलाही बसले नाही,
आणि दुसरा रेनकोट,
माझ्या मापाचा नसलेला.

गाडी मधल्या स्टँडवर. पुढचं चाक अधांतरी.
"आँख बंद करो. एक उँगली से घुमाओ."
डावीकडून उजवीकडे, सावकाश.
आणि ऐन मध्ये
भातात खडा लागावा तसं काहीतरी.
पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच.
कडेला कुठे नाही, वळणावर नाही;
सरळ जायच्या नेमक्या जागी
बेअरिंगला खाच पडली होती,
बावीस हजार किलोमीटर सरळ जाऊन जाऊन.
वरून मी ते आवळलेलं.

मग पोत्याच्या तोंडाची सुतळी आली.
मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत
दोन्ही बाजूंनी ताणून बांधली,
आणि भिया तेलकट फरशीवर गाल टेकून पाहत राहिले
बराच वेळ,
शेजारी चहा थंड होत.
"चार मिलीमीटर. पिछला पहिया तिरछा है."
पण माझ्या रेघा? चार आणि चार?
"निशान झूठे हैं. कंपनी से ही झूठे आते हैं.
सुतली पे जाओ."

मी अठरा वर्षं प्रयोगशाळेत
काचनळीवरच्या रेघा वाचून
या शहराच्या पाण्याला पास-नापास करते.
त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.

नवं बेअरिंग बसलं. नट इतपतच,
की हँडल बोटानं ढकललं तर
पुढचं आपल्या वजनानं पडावं.
चाक सुतळीला लागलं.
निघताना भिया म्हणाले,
आता हलली तर ब्रेक नको, पकड नको,
कोपरं सैल सोडा,
गाडीला सरळ होणं तुमच्यापेक्षा जास्त कळतं.
हे ते हिंदीत म्हणाले, आणि निम्मं हातांनी.

संध्याकाळ. मांगलियाच्या पुढे रस्ता मोकळा.
ऐंशी.
ब्याऐंशी.
पंच्याऐंशीला माझे खांदे आपोआप वर आले,
दात आवळले,
आणि काहीच झालं नाही.
सत्त्याऐंशी. नव्वद.
खाली गाडी दोऱ्यासारखी सरळ,
वर मी एकटीच थरथरत.

खुर्ची टिंकूला दिली. बरणी आईला परत,
ती दोन दिवस बोलली नाही.
पाने निम्मे काढले.
रेनकोट काढला नाही.
सव्वा किलो आहे.
डाव्या पेटीतून काढून उजवीत ठेवला.
आता दोन्ही जवळजवळ सारख्या भरतात.